छोट्या फ्लॅटसाठी राउटर: विकत घेण्याआधी स्पीड कुठे हरवतोय ते शोधा

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लेखी रूप. वाचायला सोपं जावं म्हणून बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे, बाकी मजकूर तोच.)

आजचा विषय तुमच्याच मेसेजेसमधून आलाय. प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो, पण असतो एकच: "प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे, बेडरूममध्ये वीससुद्धा मिळत नाही. कोणता राउटर घेऊ?"

विचारणाऱ्यांची घरं काही बंगले नाहीत. वन आरके, वन बीएचके, फार तर टू बीएचके. आणि दुकानात किंवा ऑनलाइन शोधायला गेलं की समोर येतात सहा अँटेनावाले, कोळ्यासारखे दिसणारे राउटर, तीन-तीन डब्यांचे मेश सेट, 'गेमिंग'चा शिक्का मारलेले मॉडेल. दहा-पंधरा हजार सहज जातात. गेले तर गेले, पण ते बसवूनही बेडरूममध्ये कॉल तुटतच राहिला तर? घरून काम करणाऱ्यासाठी किंवा ऑनलाइन इंटरव्ह्यूला बसलेल्या मुलीसाठी ही चेष्टेची गोष्ट नाही.

म्हणून उत्तर आधीच सांगून टाकतो. छोट्या घराला महागडा राउटर क्वचितच लागतो. साधा, दोन बँडचा, गिगाबिट पोर्ट असलेला राउटर योग्य जागी ठेवला की बहुतेकांचं काम भागतं. पण तो घ्यायचा की नाही, हे ठरवायला आधी तीन मोजमापं करायची. त्याला खर्च शून्य आणि वेळ अर्धा तास.

बोलताना हाताशी एक घर असलं की बरं पडतं. तर समजा, डोंबिवलीतला ४५० चौरस फुटांचा वन बीएचके. प्लॅन २०० एमबीपीएसचा. फायबरचा डबा मुख्य दरवाज्याच्या वर, कारण वायर तिथूनच आत येते. माणसं चार, मोबाइल चार, एक लॅपटॉप, एक टीव्ही. आणि कामाचं टेबल बेडरूममध्ये, दरवाज्यापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात.

इंटरनेट तुमच्यापर्यंत येतं कसं?

पाण्याचा विचार करा. पालिकेची लाइन, सोसायटीची टाकी, घरातला पाइप आणि शेवटी नळ. यातला कुठलाही एक तुकडा अरुंद असला की नळाला धार बारीकच येणार. नळ कितीही भारी बसवा.

इंटरनेटचंही तसंच. पहिला तुकडा म्हणजे ऑपरेटरची फायबर. दुसरा म्हणजे घरातला ओएनटी, ज्याला आपण 'फायबरचा डबा' किंवा नुसतं 'मोडेम' म्हणतो. फायबरमधून आलेल्या प्रकाशाचं तो विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करतो. तिसरा तुकडा राउटर. हल्ली बऱ्याच घरांत ओएनटी आणि राउटर एकाच डब्यात असतात. चौथा तुकडा म्हणजे राउटर आणि तुमच्या मोबाइलमधली हवा, भिंती आणि कपाटं. आणि पाचवा म्हणजे तो मोबाइल किंवा लॅपटॉप स्वतः.

आपण काय करतो? पाचपैकी कुठला तुकडा अरुंद आहे ते न बघता तिसरा बदलून टाकतो.

आणखी एक गोंधळ इथेच मिटवू. प्लॅनचा आकडा मेगाबिटमध्ये असतो आणि फाइल मोजतो आपण मेगाबाइटमध्ये. आठ बिटचा एक बाइट. म्हणजे २०० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला जास्तीत जास्त २५ एमबी उतरणार. डाउनलोड होताना २२-२३ एमबी दिसत असेल, तर लाइन उत्तम चालू आहे. कोणी तुम्हाला फसवलेलं नाही.

आणि लागतं किती? नेटफ्लिक्स स्वतः फोर-के चित्रासाठी १५ एमबीपीएस आणि फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस पुरेसे मानतं. चांगल्या दर्जाच्या व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस लागतात. आपल्या डोंबिवलीच्या घरात टीव्हीवर फोर-के सिनेमा, दोन व्हिडिओ कॉल आणि एका मोबाइलवर क्रिकेट, सगळं एकाच वेळी चाललं तरी बेरीज चाळीसच्या आतच राहते. म्हणजे २०० चा प्लॅन ३०० चा केला तरी बेडरूममधल्या कॉलला काही फरक पडणार नाही. तिथली अडचण वेगळी आहे.

तीन मोजमापं

मोजताना घरातल्यांना पाच मिनिटं मोबाइल बाजूला ठेवायला सांगा. प्रत्येक चाचणी तीन वेळा करा आणि मधला आकडा धरा. जमलं तर एकदा सकाळी आणि एकदा रात्री नऊ-साडेनऊला, कारण रात्री सगळी बिल्डिंग ऑनलाइन असते.

पहिलं मोजमाप वायरवर. लॅपटॉप लॅन केबलने थेट ऑपरेटरच्या डब्याला जोडा, वाय-फाय बंद करा आणि स्पीड टेस्ट करा. लॅपटॉपला लॅनचं भोक नसेल तर यूएसबी-लॅन अॅडॉप्टर मिळतो, गिगाबिटवाला घ्या. इथे २०० च्या आसपास आकडा आला, तर लाइन ठीक आहे. ५०-६० वरच अडकला, तर नवा राउटर काहीही करू शकणार नाही. आधी ऑपरेटरला फोन. डब्यावर 'एलओएस' नावाचा लाल दिवा लागलेला असेल, तर फायबरमधून प्रकाशच पोहोचत नाहीये. दिवा ठीक असेल तरी फायबर कुठे दरवाज्यात चेपलीय का, कोपऱ्यात काटकोनात वाकवलीय का, ते बघा. फायबर आत काचेची असते, ती जास्त वाकली की प्रकाश बाहेर सांडतो. एक नक्की करा, तिच्या टोकाचा कनेक्टर स्वतः उघडू नका आणि टोकाकडे डोळा लावून बघू नका.

या पहिल्या चाचणीत एक खास आकडा लक्षात ठेवा: ९४. प्लॅन २०० चा आणि वायरवर प्रत्येक वेळी ९३, ९४, ९५ असंच येतंय? मग मध्ये कुठेतरी १०० एमबीपीएसची अडचण बसली आहे. एक तर डब्याचं पोर्ट जुन्या, १०० एमबीपीएसच्या पद्धतीचं आहे, किंवा केबलमध्ये आठपैकी चारच तारा जोडल्या आहेत. गिगाबिटला आठही तारा लागतात. १०० ला चार पुरतात, म्हणून घाईत पिन लावताना चारच जोडलेल्या बऱ्याच ठिकाणी दिसतात. प्लॅस्टिकची पिन पारदर्शक असते, आत किती रंगीत तारा आहेत ते मोजता येतं. केबलच्या अंगावर 'कॅट ५ई' किंवा 'कॅट ६' छापलेलं हवं. ही दुरुस्ती शंभर-दोनशे रुपयांची आहे, आणि ती केली नाही तर पंधरा हजारांच्या राउटरवरही ९४ च येणार.

दुसरं मोजमाप वाय-फायवर, पण राउटरच्या त्याच खोलीत, पाच-सहा फुटांवरून, मध्ये काही न ठेवता. मोबाइल ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कला जोडलेला असल्याची खात्री करा. इथे वायरच्या जवळपास आकडा आला, तर राउटर चांगला आहे. वायरवर २०० आणि इथे ४०, तर राउटर जुना आहे किंवा तुम्ही २.४ गिगाहर्ट्झवर आहात. ऑपरेटरने दिलेल्या बऱ्याच डब्यांत फक्त २.४ चाच वाय-फाय असतो. असं असेल तर मात्र राउटर घ्यायला खरं कारण मिळालं.

तिसरं मोजमाप जिथे त्रास होतो तिथे. आपल्या उदाहरणात बेडरूममधलं टेबल. दुसऱ्या चाचणीत १८० आणि तिसरीत १५ आले, तर दोष राउटरचा नाही, त्याच्या जागेचा आहे. अशा वेळी जागा न बदलता महागडा राउटर आणला, तर १५ चे ३० होतील, १८० होणार नाहीत.

२.४ आणि ५: दोन रस्ते, दोन स्वभाव

वाय-फाय मुख्यतः दोन पट्ट्यांत चालतं. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंती बऱ्यापैकी पार करतात. पण हा पट्टा अगदी चिंचोळा आहे. त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. बिल्डिंगमध्ये वाय-फायची यादी उघडा, वीस-पंचवीस नावं दिसतील. ती सगळी या तीन चॅनेलवर दाटीवाटीने बसलेली असतात. ब्लूटूथही तिथेच आणि मायक्रोवेव्ह ओव्हनची गळतीही तिथेच.

आणि वाय-फायचा नियम असा, की एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. शेजारच्या तीन घरांत रात्री सिनेमा चालू असेल, तर तुमचा राउटर बोलायची पाळी यायची वाट बघत बसतो. सिग्नलच्या सगळ्या कांड्या भरलेल्या दिसतात आणि तरी पान उघडत नाही, याचं एक मोठं कारण हेच.

५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीत लवकर दमतात. ऐकायला हा तोटा वाटतो, पण फ्लॅटमध्ये तो फायदाच आहे. शेजाऱ्याचा ५ गिगाहर्ट्झ तुमच्या घरात फारसा शिरत नाही, आणि तुमचा त्याच्याकडे. शिवाय जागा भरपूर. भारतात ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने या पट्ट्यात एकूण ६०५ मेगाहर्ट्झ विनापरवाना वापरायला मोकळे केले. २.४ च्या पट्ट्यात मिळतात साधारण ८३. म्हणजे सातपट रुंद रस्ता. छोट्या घरासाठी वेगाचा रस्ता हाच. २.४ ठेवायचा तो स्मार्ट बल्ब, प्लग, जुने मोबाइल यांच्यासाठी. अशी बरीच उपकरणं ५ ला जोडलीच जात नाहीत.

भिंत कसली आहे ते विचारा

घराच्या चौरस फुटांपेक्षा भिंती जास्त महत्त्वाच्या. जुन्या बिल्डिंगमधल्या आतल्या साडेचार इंची विटांच्या भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ बऱ्यापैकी जातं. पण मुंबई, ठाणे, पुण्यातले अनेक नवे टॉवर मिवान पद्धतीने बांधलेले आहेत. म्हणजे अॅल्युमिनियमचे साचे लावून खोल्यांमधल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या ओतायच्या, आत सळ्या किंवा जाळी. तिथे एक भिंत ओलांडतानाच सिग्नलचा मोठा हिस्सा खर्ची पडतो. त्यामुळे डोंबिवलीतला तीस वर्षं जुना वन बीएचके एका साध्या राउटरवर निभावतो, आणि नव्या टॉवरमधल्या तेवढ्याच घरात बेडरूम कोरडी राहते.

भिंतीखेरीज बाकीचे चोरही घरातच असतात. लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा, माशांची टाकी, बाथरूमच्या भिंतीतले पाइप. धातू लहरी परत फेकतो, पाणी त्या शोषून घेतं. राउटर आणि टेबल यांच्यामध्ये मनातल्या मनात दोरी ताणा. त्या दोरीत काय काय आडवं येतं ते मोजा.

आकड्यात बघायचं असेल तर अँड्रॉइडवर वाय-फायची ताकद दाखवणारी मोफत अॅप्स आहेत. ताकद उणे आकड्यात दिसते. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६५-६७ पर्यंत व्हिडिओ कॉल निवांत चालतो. उणे ७५ च्या पुढे गेलात की कॉल अडखळणार. हे माप सरळ रेषेत चालत नाही. तीनने घसरलं की ताकद निम्मी, दहाने घसरलं की दहावा हिस्सा.

आधी जागा, मग राउटर

दरवाज्याच्या वर, शू-रॅकच्या मागे, टीव्हीच्या पाठीमागे, विजेच्या बोर्डाच्या पेटीत, किंवा 'दिसायला बरं नाही' म्हणून कपाटात. बहुतेक घरांत राउटर यांपैकीच कुठेतरी असतो. तो असायला हवा घराच्या मध्याजवळ, उघड्यावर, छाती ते डोक्याच्या उंचीला.

वन बीएचकेमध्ये ही जागा बहुधा हॉल आणि बेडरूम यांच्यामधल्या पॅसेजच्या तोंडाशी सापडते, जिथून बेडरूमचा दरवाजा दिसतो. उघड्या दरवाज्यातून लहरी भिंतीपेक्षा कितीतरी सहज जातात.

पण फायबर तर दरवाज्याजवळच येते, मग? दोन वाटा. एक, ऑपरेटरकडून फायबरच आत वाढवून घ्यायची. नवीन कनेक्शन घेतानाच हे सांगा, माणूस शिडी घेऊन आलेला असताना जागा ठरवणं सगळ्यात सोपं. दुसरी, डबा आहे तिथेच ठेवायचा आणि तिथून कॅट ६ ची केबल भिंतीच्या कडेने, प्लॅस्टिकच्या केसिंग पट्टीतून, नव्या राउटरपर्यंत न्यायची. लॅन केबल १०० मीटरपर्यंत पूर्ण वेगाने चालते, आपल्याला लागणार दहा. भाड्याचं घर असेल तर भिंतीला भोक न पाडता चिकटणारी पट्टी लावा.

आणि अँटेना? उभ्या अँटेनाभोवती सिग्नलचा आकार मेदुवड्यासारखा असतो. मधल्या भोकात अँटेना, आणि वडा आडवा पसरलेला. म्हणजे एकाच मजल्यावरच्या घरात अँटेना उभ्या ठेवलेल्या बऱ्या. टोक ज्या दिशेला कराल तिकडे सिग्नल सगळ्यात कमी जातो, त्यामुळे बेडरूमकडे 'नेम धरून' काही मिळत नाही.

आपल्या उदाहरणातल्या घरात, वायरवर २०० आणि राउटरशेजारी १८० येत असतील, तर इतकं केल्यावर खरेदीची गरजच उरणार नाही. डबा हलवला, काम झालं.

खोक्यावर काय वाचायचं?

आता समजा मोजमापातून कळलं, की राउटर खरोखर बदलायला हवा. मग दुकानात जाऊन या गोष्टी बघा.

सगळ्यात आधी पोर्ट. माहितीपत्रकात '१०/१००/१०००' लिहिलंय की नुसतं '१०/१००'? स्वस्त राउटरमध्ये इथे हमखास गोम असते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'एसी१२००' आणि मागे पोर्ट मात्र १०० एमबीपीएसचं. पुन्हा तोच ९४ चा खेळ. इंटरनेट आत येण्याचं, म्हणजे वॅनचं पोर्ट आणि लॅनची पोर्ट, दोन्ही गिगाबिट हवीत.

दुसरं, तो मोठा आकडा. 'एएक्स१८००' म्हणजे १८०० चा स्पीड नव्हे. २.४ चे ५७४ आणि ५ चे १२०१ यांची ती बेरीज, वर गोलाकार केलेली. तुमचा मोबाइल सहसा एकाच पट्ट्यावर असतो. आणि ते १२०१ सुद्धा कागदावरचे, प्रत्यक्षात जवळून त्यातले साधारण निम्मे ते दोन-तृतीयांश मिळतात. तरी ते सहाशेच्या वर भरतात, २०० किंवा ३०० च्या प्लॅनला भरपूर. 'एएक्स३०००' मध्ये ५ गिगाहर्ट्झचा आकडा दुप्पट दिसतो, कारण त्यात १६० मेगाहर्ट्झ रुंदीचं चॅनेल धरलेलं असतं. तुमच्या मोबाइलला ती रुंदी पेलत नसेल आणि बिल्डिंगमध्ये गर्दी असेल, तर तो आकडा खोक्यावरच राहतो.

तिसरं, वाय-फायची पिढी. ४, ५, ६, ७ हे साधे आकडे २०१८ पासून वापरात आले, त्याआधी इंग्रजी अक्षरांची लांबलचक नावं होती. आज घ्यायचा असेल तर वाय-फाय ६ घ्या. त्यात एका फेरीत अनेक उपकरणांचा माल थोडा थोडा पोहोचवायची सोय आहे, म्हणून दहा-पंधरा उपकरणं असलेल्या घरात गडबड कमी होते. घरात चालू स्थितीतला, दोन बँडचा वाय-फाय ५ राउटर असेल आणि प्लॅन २०० पर्यंतचा असेल, तर केवळ आकडा वाढला म्हणून तो बदलू नका.

वाय-फाय ७ चं काय? त्याचं प्रमाणन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. त्याचा मोठा फायदा मिळतो ६ गिगाहर्ट्झच्या नव्या पट्ट्यात. भारताच्या दूरसंचार विभागाने त्यातल्या खालच्या ५०० मेगाहर्ट्झसाठीच्या नियमांचा मसुदा मे २०२५ मध्ये काढला. म्हणून वाय-फाय ७ चा राउटर घेताना दोन गोष्टी विचारा: भारतात विकल्या जाणाऱ्या या मॉडेलमध्ये ६ गिगाहर्ट्झ चालू आहे का, आणि माझ्या मोबाइल-लॅपटॉपमध्ये तो आहे का? दोन्हींचं उत्तर 'हो' नसेल, तर जादा पैसे कशाला?

इथेच एक इशारा, ज्यांचे भाऊ-बहीण अमेरिकेत आहेत त्यांच्यासाठी. "येताना एक चांगला राउटर घेऊन ये" असं सांगू नका. अमेरिकेने २०२० मध्ये ६ गिगाहर्ट्झचे १२०० मेगाहर्ट्झ मोकळे केले. तिथला राउटर तिथल्या नियमांनुसार लहरी सोडतो, आपले नियम वेगळे. शिवाय पिन वेगळी, आणि बिघडला तर वॉरंटी तिकडेच.

चौथं, अँटेना. कायद्याने लहरींच्या एकूण ताकदीला कमाल मर्यादा आहे. सहा अँटेना लावल्या म्हणून ती ओलांडता येत नाही. मोबाइलमध्ये बहुधा दोनच असतात, आणि मोबाइलचा आवाजही राउटरपर्यंत पोहोचायला लागतोच ना?

पाचवं, मेश आणि रिपीटर. भिंतीत खोचायचा स्वस्त रिपीटर ज्या पट्ट्यावर ऐकतो त्याच पट्ट्यावर पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. ४५० चौरस फुटांत मेशचे तीन डबे म्हणजे एका खोलीत तीन पंखे. खरी गरज पडली, म्हणजे मिवानचा टू बीएचके आणि दोन भिंतींपलीकडे बेडरूम, तर तिथपर्यंत लॅन केबल न्या आणि एखादा साधा राउटर अॅक्सेस पॉइंट म्हणून लावा. घरातला जुना गिगाबिट राउटरही चालतो.

सहावं, सुरक्षा. डब्ल्यूपीए३ हवं, आणि कंपनी राउटरच्या सॉफ्टवेअरचे अपडेट देत राहते का ते बघा. राउटर वर्षानुवर्षं चालतो. अपडेट थांबलेला राउटर म्हणजे कडी नसलेलं दार.

या सगळ्यात बसणारा वाय-फाय ६ चा राउटर साधारण तीन ते पाच हजारांत मिळतो. छोट्या घरात त्याच्या वर जायला ठोस कारण हवं.

ऑपरेटरच्या डब्याला आपला राउटर जोडताना

सरळ जोडलात तरी चालेल, पण मग घरात दोन राउटर एकामागे एक उभे राहतात. रोजचं ब्राउझिंग चालतं, मात्र काही गेम, बाहेरून बघायचे कॅमेरे, ऑफिसचं व्हीपीएन अडखळू शकतं. दोन उपाय आहेत. ऑपरेटरला सांगून त्याचा डबा 'ब्रिज मोड'मध्ये टाका आणि पीपीपीओईचं नाव-पासवर्ड आपल्या राउटरमध्ये भरा. किंवा आपल्या राउटरला 'अॅक्सेस पॉइंट मोड'मध्ये ठेवा. दुसरा उपाय सोपा, ऑपरेटरची परवानगी लागत नाही. डब्याला लँडलाइन फोन जोडलेला असेल, तर ब्रिजला हो म्हणण्याआधी फोन चालू राहील का ते विचारून घ्या. आणि कुठलाही उपाय केलात तरी जुन्या डब्याचा वाय-फाय बंद करा. नाहीतर मोबाइल सवयीने त्यालाच चिकटून बसेल.

पहिल्या अर्ध्या तासात

नवा राउटर लावल्यावर सगळ्यात आधी अॅडमिनचा मूळ पासवर्ड बदला, सॉफ्टवेअर अपडेट करा आणि बटण दाबून जोडणी करायची डब्ल्यूपीएस सोय बंद करा. २.४ ची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा आणि १, ६, ११ पैकी जिथे गर्दी कमी ते चॅनेल निवडा. ५ ची रुंदी ८० ठेवा. मोबाइल सारखा २.४ वर घसरत असेल तर दोन पट्ट्यांना वेगळी नावं द्या आणि कामाच्या लॅपटॉपला फक्त ५ चं नाव माहीत असू द्या. टीव्ही जवळ असेल तर त्याला केबलच लावा, तेवढीच हवेतली गर्दी कमी.

स्पीड टेस्ट छान येते पण कॉल तरी अडखळतो? मग अपलोड बघा. फोटोंचा बॅकअप किंवा कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग वर जात असेल, तर लाइनवर रांग लागते आणि तुमचा आवाज त्या रांगेत उभा राहतो. राउटरमध्ये 'क्यूओएस' असेल तर त्यात अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवा आणि कामाच्या लॅपटॉपला पहिला मान द्या. नसेल तर बॅकअप रात्रीवर टाका.

शेवटचं, वीज. लाइट गेली तरी फायबर बहुतेक वेळा चालू असते, बंद पडतो तो आपला डबा. त्यासाठी छोटे मिनी यूपीएस मिळतात. अॅडॉप्टरवर किती व्होल्ट, किती अँपिअर लिहिलंय ते बघूनच घ्या. डबा आणि राउटर दोन्ही त्यावर हवेत, एकच ठेवून उपयोग नाही.

मग घ्यायचा का?

तीन घरं डोळ्यांसमोर आणू. वन आरके, १०० चा प्लॅन, ऑपरेटरचाच दोन बँडचा डबा: काही घेऊ नका, फक्त डबा उघड्यावर आणा. वन बीएचके, २०० ते ३०० चा प्लॅन, डब्यात फक्त २.४: गिगाबिट पोर्टचा वाय-फाय ६ राउटर घ्या आणि केबलने घराच्या मध्याजवळ आणा. मिवानचा टू बीएचके: तसाच एक राउटर मध्यावर, आणि लांबच्या खोलीपर्यंत केबल नेऊन दुसरा अॅक्सेस पॉइंट. तिन्ही घरांत पंधरा हजारांची गरज कुठेच पडली नाही.

तर आज रात्री ते तीन आकडे काढा: वायरवर, राउटरजवळ आणि टेबलावर. कोणाला राउटर सुचवायला सांगणार असाल, तर प्रश्नासोबत हे तीन आकडे आणि भिंत विटेची की काँक्रीटची, एवढं लिहून पाठवा. आम्हाला पाठवलंत तरी चालेल, पुढच्या भागात त्यातली काही घरं घेऊन बोलू. तोवर नमस्कार!